पट्टीचा नट

चढणीवर गाडी बंद पडली तेव्हा लेकीच्या मागे खडीने भरलेला ट्रक होता. तिने कशीबशी गाडी कडेच्या मातीत घातली आणि ट्रक हॉर्न वाजवत तिच्या कोपराला वारा लावून गेला. पाच मिनिटं थांबून तिने किक मारली तर गाडी, जणू काही झालंच नाही अशी, सुरू झाली. दीड किलोमीटरवर पुन्हा बंद. मग ती वळली, उतारावरून घरंगळत खाली आली आणि सपाटीवरून घरी पोचली.

हे सगळं तिने अंगणात हेल्मेट काढता काढता हसत सांगितलं. तिचा बाप, फिटर, हसला नाही. तिचा मामाही हसला नाही, कारण गाडी त्याने शोधून दिली होती.

“काल तर घोड्यासारखी पळत होती,” मामा म्हणाला.

“सपाटीवर,” फिटर म्हणाला.

रविवार होता, सकाळचे नऊ. सोमवारी सहा वाजता लेकीला डोंगरापलीकडच्या हॉस्पिटलात हजर व्हायचं होतं. डायलिसिसच्या मशीनवर टेक्निशियन म्हणून तिची ही पहिली नोकरी. घाटातून जाणारी पहिली बस साडेसातची, आणि सहाला तर पेशंट खुर्चीत येऊन बसलेले असतात. म्हणून ही जुनी मोटरसायकल दोन दिवसांपूर्वी घरात आली होती.

“उद्या मी हीच घेऊन जाणार,” लेक म्हणाली. “बंद पडली तर पाच मिनिटं थांबेन, पुढे जाईन. थोडं लवकर निघायचं, बस्स.”

“अंधारात? घाटात? ट्रकच्या तोंडासमोर?”

“मग दुरुस्त करा ना, बाबा. फिटर कोण आहे घरात?”

घरात फिटर होता. पाणीपुरवठ्याच्या पंपघरात तीस वर्षं तो हेच काम करत आला होता आणि बायकोसकट सगळं जग त्याला फिटरच म्हणायचं. पण आठ महिन्यांपूर्वी बायको गेली आणि तेव्हापासून त्याने घरात पाना हातात धरला नव्हता. न्हाणीघरातला नळ गळत होता. लेकीने त्याच्याखाली बादली ठेवली होती आणि भरली की ती कुंड्यांना घालायची. त्याबद्दल दोघंही बोलत नसत. पंपघरात दिवसभर नट आवळणारे हात घराचा उंबरा ओलांडला की जड व्हायचे, एवढंच.

त्याने लेकीच्या कोपराकडे पाहिलं. मग आत जाऊन पलंगाखालची पेटी ओढून आणली.

मामाचं मत प्लगवर होतं. “भाऊजी, माझं ऐका. प्लग बदला, विषय संपला.”

प्लग बदलला. गाडी स्टँडवर चालू ठेवली. अर्ध्या तासाने ती दोन आचके देऊन गप्प झाली.

“संपला का विषय, मामा?” लेकीने विचारलं.

“मग कार्बोरेटर. नक्की कार्बोरेटर.”

कार्बोरेटर उतरवला, खोलला. आत आरशासारखं स्वच्छ. फिटरने तो पुन्हा जोडला. अकरा वाजले होते. उन्हाने अंगणातल्या फरशीवर हात ठेववत नव्हता.

“आता हा म्हणेल इंजिनच गेलंय,” फिटर म्हणाला.

“मी कशाला तसं म्हणू? मी माणूस बघून गाडी घेतली, भाऊजी. सज्जन माणूस. मी टाकी उघडून बघत होतो तर स्वतःचं फडकं आणून दिलं पुसायला.”

पेट्रोल किती उरलंय ते बघायला फिटरने टाकीचं झाकण फिरवलं. फुस्स असा आवाज झाला. वाफ बाहेर आली नव्हती, हवा आत ओढली गेली होती. तो झाकण हातात धरून उभा राहिला.

“किक मार,” तो लेकीला म्हणाला.

पहिल्याच किकेला गाडी सुरू झाली.

त्याने झाकण उलटं करून उन्हात धरलं. झाकणात हवेसाठी एक बारीक भोक असतं. पेट्रोल खाली उतरलं की तेवढी हवा वरून आत यावी लागते, नाहीतर पेट्रोल उतरायचंच थांबतं. त्या भोकात राखाडी पुट्टी ठासून भरली होती. खड्ड्यात टाकी हिंदकळून पेट्रोलचे थेंब वर उडत असतील, टाकीचा रंग खराब होत असेल, म्हणून कुणीतरी भोकच बुजवून टाकलं होतं.

“तुझा सज्जन,” फिटर म्हणाला. “फडकं उगाच नव्हतं हाताशी.”

लेक खो खो हसली. मामाने दोन्ही कान पकडले. फिटरने सुईने पुट्टी कोरून काढली, भोकातून फुंकर मारून पाहिली आणि झाकण लावलं. गाडी पाऊण तास अखंड चालली, तीही मधूनमधून ॲक्सिलरेटर पिळून. आठ महिन्यांत पहिल्यांदा त्याला आपले हात आपले वाटले.

तिथे थांबला असता तर बरं झालं असतं. पण आता त्याला जोर चढला होता. त्याने मागचा ब्रेक दाबून पाहिला आणि पेडल खोल गेलं. चाक काढलं तर ब्रेकचे लायनर घासून पत्र्याला आले होते.

“याच्यावर घाट उतरणार होतीस,” तो म्हणाला. मामाकडे वळून त्याने बोटं दाखवली. “नवे लायनर. आणि दोन पिना. एक चाकाच्या एक्सलला, एक पट्टीला.”

पट्टी म्हणजे मागच्या ब्रेकच्या झाकणाला गाडीच्या सांगाड्याशी धरून ठेवणारी लोखंडाची लांब पट्टी. ब्रेक दाबला की ते झाकणही चाकाबरोबर फिरू पाहतं, आणि पट्टी त्याला फिरू देत नाही. ती सुटली तर ब्रेक दाबताच झाकण गरकन फिरतं, पेडलपासून येणारी ब्रेकची सळी ताणली जाते आणि चाक जागच्या जागी जाम होतं. म्हणून तिचा नट आवळायचा आणि वर बोल्टाच्या भोकात पिन घालून टोकं वळवायची.

मामा सामान घेऊन आला. फिटरने लायनर बसवले, चाक चढवलं. पट्टीचा बोल्ट घातला, नट बोटाने चार आटे फिरवून सोडला. आधी साखळीचा ताण, मग एक्सल, शेवटी पट्टी, असा त्याचा क्रम होता. साखळी लावली. एक्सलचा नट जीव खाऊन आवळला, त्याची पिन घातली. मग त्याचा हात पेटीच्या कोपऱ्यात गेला आणि लाल नेलपॉलिशची बाटली घेऊन बाहेर आला.

पंपघरात एक शिस्त होती. नट आवळणारा माणूस खूण करत नाही. दुसरा माणूस येतो, स्वतः पाना लावून ओढतो, आणि नट हलला नाही तरच नटावरून बोल्टावर रंगाची रेघ मारतो. आपल्या कामावर आपणच सही करायची नाही. घरात हा दुसरा माणूस म्हणजे फिटरची बायको. पंपघरातून आणलेला पिवळा रंग डबीत सुकून जायचा, म्हणून तिने आपली नेलपॉलिश पेटीत टाकली होती. पंखा असो, पाण्याची मोटर असो, सायकल असो, फिटरने आवळलं की ती बाह्या सरसावून यायची आणि पाना असा ओढायची की फिटरलाच धडकी भरावी. तीस वर्षांत दोनदा तिला नट सैल सापडला, आणि ते दोन नट तिने सगळ्या नात्यागोत्यात गाजवले होते.

बाटलीचं झाकण चिकटून बसलं होतं. फडक्यात धरून फिरवल्यावर ते निघालं. वास आला आणि फिटर थोडा वेळ तसाच उकिडवा बसून राहिला.

“बाबा, मी ओढून बघू पाना?” लेक शेजारी येऊन म्हणाली. “आई बघायची तसा?”

“मी बघितलंय.”

“तुम्हीच आवळलं आणि तुम्हीच बघितलं?”

“बघितलंय म्हणालो ना!”

आवाज चढला होता. लेक मागे सरली. बायकोची ती जागा कुणाला द्यायला, तिच्या पोटच्या पोरीलासुद्धा, त्याचं मन तयार नव्हतं. त्याने एक्सलच्या नटावर रेघ मारली. मग पट्टीच्या नटावर मारली. इतकी वर्षं बाटली उघडली जायची ती सगळं आवळून, ओढून झाल्यावरच. बाटली हातात आली आणि हातांनी परस्पर ठरवून टाकलं की काम झालेलं आहे.

दीड वाजता लेक निघाली. घाट चढायचा, पलीकडे उतरून हॉस्पिटलच्या गेटपर्यंत जायचं, किती मिनिटं लागतात ते बघायचं आणि परत यायचं.

“हळू जा,” मामा म्हणाला.

“तुझ्या स्कूटरपेक्षा हळू कुणालाच जाता येत नाही, मामा,” ती म्हणाली आणि गेली.

फिटर हत्यारं पुसून पेटीत ठेवू लागला. मामा ओट्यावर बसून चहा पीत होता. बशी ठेवायला जागा करताना त्याने कागदाची पुडी उचलली.

“दुकानदार बरा निघाला. एक पिन जास्त दिली.”

फिटरचा हात थांबला. “किती मागितल्यास?”

“दोन. तुम्हीच म्हणालात दोन.”

“आणि दिल्या किती?”

“मोजून दोन—” मामाने पुडीकडे पाहिलं. मग फिटरकडे.

फिटरने डोळे मिटून आपले हात आठवायचा प्रयत्न केला. एक्सलवर पाना लावला, ते दिसलं. पट्टीवर पाना लावलेला काही केल्या दिसेना. दिसत होती ती फक्त लाल रेघ.

“स्कूटर काढ,” तो म्हणाला. “काढ लवकर!”

पिन मुठीत, तीन पाने खिशात. मामाने स्कूटर रस्त्यावर घातली तेव्हा लेकीला जाऊन बारा मिनिटं झाली होती. फिटरने मागे बसून फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. गाडी चालवताना ती फोन उचलत नसे. उचलू नको असं त्यानेच तिला हजारदा बजावलं होतं.

“चढणीवर काही होत नाही,” मामा वाऱ्यात ओरडून म्हणाला. “चढणीवर ब्रेक लागतो कुठे?”

“आणि उतारावर?”

मामाने ॲक्सिलरेटर अजून पिळला.

चार किलोमीटर सपाटी, सात किलोमीटर चढण, मग पलीकडचा उतार. दोन धिप्पाड माणसांना घेऊन स्कूटर चढणीला लागली आणि तिचा आवाज दम्याच्या रोग्यासारखा झाला. फिटर पुढे वाकून बसला, जणू त्याच्या वाकण्याने ती जोरात जाणार होती.

प्रत्येक वळणावर तो कडेच्या मातीत बघत होता. बंद पडलेली असू दे. गाडी बंद पडलेली असू दे आणि माझी पोर वैतागून तिच्या शेजारी उभी असू दे. भोकात पुट्टीचा एखादा कण राहिलेला असू दे. सकाळपासून ज्या एका गोष्टीसाठी तो उन्हात भाजत होता, ती फसावी म्हणून आता तो जिवाच्या आकांताने मागणं मागत होता. पहिल्या वळणावर गाडी नव्हती. दुसऱ्यावर नव्हती. सकाळी जिथे ती मातीत घातली होती तिथे टायरचा ठसा तेवढा होता. काम चोख झालं होतं. गाडी कुठेही बंद पडली नव्हती.

“भाऊजी, पाठीत बोटं रुतताहेत माझ्या.”

“पिळ अजून.”

“आता पिळायला काही उरलं नाही हो!”

माथ्यावर कुणी नव्हतं. दोन दगडी बाकं, पाण्याची टाकी, रिकामा रस्ता. मामाने वेग कमी न करता स्कूटर उतारावर टाकली.

दुसऱ्या वळणाच्या अलीकडे रस्त्यावर एक काळी रेघ सुरू झाली. आधी सरळ, मग वाकडी होत होत ती कडेच्या कठड्याकडे गेली. रेघेच्या शेवटी मोटरसायकल आडवी पडली होती. कठड्याच्या दगडावर लेक बसली होती. हेल्मेट मांडीवर, पँट गुडघ्यावर फाटलेली, गुडघ्यातून, कोपरातून रक्त. ती जिवंत होती, बसलेली होती, त्यांच्याकडे बघत होती.

फिटर स्कूटर थांबण्याआधीच उतरला आणि धडपडला. उठून तो तिच्याजवळ पोचला.

“मला काही नाही झालं,” ती आधी म्हणाली. “माझंच चुकलं, बाबा. नवे लायनर आहेत हे लक्षातच राहिलं नाही. जरा जोरात दाबला आणि चाक एकदम जाम. वीसच्या वेगात होते म्हणून वाचले. सॉरी. तुम्ही एवढं सगळं केलंत आणि मी…”

मामा खाली वाकून चाकाकडे बघत होता. त्याने मान वर केली आणि फिटरच्या डोळ्यांत पाहिलं. पट्टी सुटून लोंबत होती. बोल्ट झाकणातच अडकून राहिला होता, नट कुठेतरी वाटेत पडला होता. मामा हळूच म्हणाला, “नव्या ब्रेकचं होतं असं कधीकधी.”

पोर वाचली होती. तिने चूक स्वतःवर घेतली होती. आता गप्प बसलं की झालं, पट्टी बसवायची, पिन घालायची आणि घरी जायचं. कुणालाही कधी कळलं नसतं. फिटरच्या मनात हे आलं आणि त्याला स्वतःची शिसारी आली.

“तू चुकली नाहीस,” तो म्हणाला. “मी पट्टीचा नट आवळला नव्हता. पिन घातली नव्हती. तशीच रेघ मारली.”

एक मोटार खालून आली, वळणावर हॉर्न देऊन निघून गेली.

“मी विचारलं होतं तुम्हाला,” ती म्हणाली.

“हो.”

“ओढून बघू का, असं विचारलं होतं. तुम्ही ओरडलात माझ्यावर.”

“हो.”

“बाकीचे नट?”

फिटरने खिशातले पाने काढले. एक्सल आवळल्याचं आठवतंय असं तो सांगणार होता. पण मघाशी पट्टीबद्दलही त्याला खात्री होतीच की.

“माहीत नाही,” तो म्हणाला.

तिने हात पुढे केला. त्याने पाने दिले.

मामाने गाडी उभी करून धरली. लेक रस्त्यावर गुडघ्यावर बसली, रक्ताळलेल्या गुडघ्यावरच, आणि एक्सलपासून सुरुवात केली. पाना लावायचा, दोन्ही हातांनी ओढायचा. एक्सल हलला नाही. साखळीच्या ताणाचा डावीकडचा नट हलला नाही. उजवीकडचा पाव आटा फिरला. तिने वर पाहिलं नाही, आवळला आणि पुढे गेली. फिटरला बोलावंसं वाटत होतं, पाना उलटा धरलायस, कोपर सरळ ठेव. तो बोलला नाही. त्याचे हात मोकळे होते आणि ते कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं.

पट्टीला नट नव्हता. शोधायला मामा मागे माथ्यापर्यंत चालून आला, रिकाम्या हाताने.

“मागच्या पायटेकणीचा बसेल,” फिटर म्हणाला. “मापाचा आहे.”

“मग मागे कुणाला बसता येणार नाही,” लेक म्हणाली.

“नाही येणार.”

तिने पायटेकणी काढली, नट पट्टीला लावला, आवळला. वाकलेली सळी मामाने दोन दगडांत धरून सरळ केली. फिटरने मूठ उघडली. पिन तळहातात इतकी रुतली होती की तिचा आकार उमटला होता. ती लेकीने घातली आणि पक्कडीने वळवायची टोकं पान्याच्या कडेने ठोकून वळवली. मग पुन्हा पाना लावून ओढला. उभी राहिली, पेडल दहा-बारा वेळा दाबून पाहिलं.

“मी खाली जाते,” ती म्हणाली.

“आज नको, पोरी,” मामा म्हणाला. “अंग थरथरतंय तुझं.”

“उद्या पहाटे पहिल्यांदा उतरू का मग? अंधारात?”

मामाने फिटरकडे पाहिलं. नको म्हणायचा हक्क आज आपल्याला उरलेला नाही हे फिटरला कळत होतं. तो म्हणाला, “पहिल्या गिअरमध्ये उतर. आम्ही मागे आहोत.”

ती उतरू लागली. स्कूटर वीस पावलं मागे. प्रत्येक वळणाआधी गाडीचा लाल दिवा लागायचा आणि फिटर मामाच्या खांद्यावरून पुढे वाकायचा. गाडी हळू व्हायची, वळायची, दिवा विझायचा. खाली अजून नऊ वळणं होती. पाचव्या वळणावर खालून बस आली आणि लेकीला एकदम ब्रेक दाबावा लागला. फिटर ओरडला, पण गाडी सरळ रेषेत थांबली, बसला वाट दिली आणि पुढे निघाली.

“भाऊजी, माझ्या कानात नका हो ओरडू,” मामा म्हणाला.

हॉस्पिटलच्या गेटबाहेर तिने गाडी लावली. स्टँडवर चढवताना तिला दोनदा प्रयत्न करावा लागला, पण तिने मदतीला बोलावलं नाही. स्कूटर येऊन थांबली. ती कोपर फुंकत उभी होती.

“आत जाऊन कोपराला पट्टी बांधून घे,” फिटर म्हणाला.

“घेते.” ती जागची हलली नाही. “उद्या मी साडेचारला उठणार. निघायच्या आधी सगळे नट मी स्वतः बघणार. रोज. तुम्ही हात लावायचा नाही.”

“नाही लावणार.”

“पण अंधार असतो तेव्हा,” ती म्हणाली. “टॉर्च धरायला कुणीतरी लागेल.”

“धरतो,” फिटर म्हणाला.

ती गेटमधून आत गेली, लंगडत. मामा स्कूटरवर बसल्या बसल्या रुमालाने मान पुसत होता. फिटर मोटरसायकलजवळ गेला, चाकाशी वाकला, आणि हात पाठीमागे बांधून नुसता बघत राहिला.